आठ महिने मागे राहिलेलं मशीन

मंडळी, आज मेहरूणमधल्या आमच्या घरी मोठ्या भावाचा, बाळूभाऊचा कॉम्प्युटर विकायला काढला. नशिराबादहून आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, चालू करून दाखवा.

बिटकॉइनचे व्यवहार दुसऱ्याच्या वेबसाइटवर न बघता घरच्या मशीनवर स्वतः तपासायचे, हा बाळूभाऊचा नाद. अशा मशीनला नोड म्हणतात. "कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आपण तपासायचं," असं तो मला कायम ऐकवायचा.

स्क्रीनवर आलं, आठ महिने मागे. शेवटची नोंद सकाळी दहा चाळीसची.

ती वेळ मला माहीत आहे. बाळूभाऊ गेला त्या दिवशी त्याला ठेवायला फ्रीजरची पेटी आणली. जवळचा प्लग हाच होता. मीच मशीनची वायर ओढली.

आज मशीन तिथूनच पुढचे दिवस भरून घ्यायला लागलं. पंख्याची घरघर सुरू झाली आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बाळू उना का रे?"

आला का, म्हणून विचारत होती.

गिऱ्हाईकाला परत पाठवलं. मशीन उद्यापर्यंत आजच्या तारखेला येईल. आईला कसं आणू, सांगा.