घोंगडीच्या घडीतला रुपया

चांदीच्या जुन्या रुपयावरचा रंग आपोआप आला की कुणी चढवला, हे सांगावे रामहरींनीच, असे बारामतीची नाणेप्रेमी मंडळी मानत. इंदापूर आगारातून वाहक म्हणून निवृत्त झालेले हे साधे गृहस्थ; कपाळी बुक्का, खिशात भिंग. नाणे उजेडात तिरके धरीत आणि हळू आवाजात सांगत, की चांदी हवेशी बोलत बोलत रंगते. आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळी, मग निळी. एकही पायरी सोडत नाही. भगवंताच्या कामाला घाई ठाऊक नाही. घाई माणसाला. तो गंधकाचा धूर देतो, जाळावर धरतो, आणि निळाई एकदम येऊन बसते.

गेल्या माघात मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनाला कन्हेरीच्या कुशाबाई आल्या. सत्तरी उलटलेल्या, मेंढपाळांच्या घरातल्या. नात निकिताने हट्टाने आजीचा पंचम जॉर्जचा रुपया मांडायला आणला होता. त्याच्या दोन्ही अंगांवर निळे-जांभळे पट्टे होते. रामहरींनी भिंग लावले. रंग पांढऱ्या चांदीवरून थेट निळाईत उडी घेत होता. त्यांनी चारचौघांत सांगून टाकले, "रंग चढवलेला हाय."

कुणीतरी हसले. कुशाबाईंनी रुपया पदराच्या गाठीला बांधला. "आमी मेंढरं रंगवली, वळखू याया," त्या म्हणाल्या, "रुपाया न्हाय रंगवला." आणि नातीचा हात धरून निघाल्या.

ते बोल रामहरींच्या मनातून जाईनात. एकादशीच्या भजनात टाळ हाती, पण ताल सुटला. नाणे कुणाचेही असो, ते आधी विचारत : डबीत होते, कागदात होते, की कापडात? या म्हातारीला तेवढे विचारायचे राहिले. राहिले तरी कसे म्हणावे? विटलेले लुगडे पाहून विचारावेसेच वाटले नव्हते. हे त्यांनी देवापुढे कबूल केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कन्हेरीची गाडी धरली.

कुशाबाई ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात भिजवलेली चिंच, चुलीतली राख आणि तो रुपया. देव्हाऱ्यात ठेवायचा, तर त्यावर लबाडीचा डाग नको, म्हणून घासणे चालले होते. एक बाजू लख्ख पांढरी झाली होती.

"थांबा, आक्का. इतकी वर्सं कुठं होता ह्यो?"

"कुठं म्हंजी? मामंजींच्या घोंगडीत. मेंढरांमागं फिरणाऱ्याला पेटी कुठली?"

निकिताने घोंगडी आणली. कुशाबाईंच्या सासऱ्यांनी कोपरा दुमडून रुपया आत शिवला होता. प्रदर्शनासाठी निकितानेच टाके उसवले होते. रामहरींनी न घासलेली बाजू त्या जागी टेकवली. जिथे धागा तिथे निळाई, जिथे फट तिथे चांदी. लोकरीच्या अंगी मुळातच गंधक असते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पुन्हा भिंग लावले. प्रत्येक पट्ट्याच्या काठाला पिवळी रेघ, तिच्या आत तांबूस. पायऱ्या होत्या, केसाएवढ्या अरुंद होत्या. ऐंशी वर्षे त्या लोकरीने आपले काम सावकाश केले होते.

त्यांनी तिथूनच प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या विजयसिंहांना फोन लावला. सर्वांना ऐकू जाईल असा आवाज ठेवून सांगितले, की रंग खरा आहे, चूक माझी आहे, आणि हे माझ्या नावानिशी फलकावर लिहा. रुपया पुन्हा मांडायला आणता का, असे विजयसिंहांनी विचारले. कुशाबाईंनी नकारार्थी मान हलवली. लोकांचे एकदा बघून झाले होते.

"ह्या घासल्या बाजूचं काय आता?"

"गेलं ते गेलं, आक्का. माझ्या तोंडापायी गेलं."

म्हातारीने नातीकडून सुईदोरा मागवला आणि त्यांच्यापुढे सरकवला. "बसा मग. माझ्या डोळ्याला नेढं दिसत न्हाय."

रामहरी ओट्यावर मांडी घालून बसले. रुपया जुन्या जागी ठेवून, पांढऱ्या बाजूवर घोंगडीचा कोपरा दुमडून त्यांनी पहिला टाका घातला.

"लई घट्ट नगा वढू," कुशाबाई म्हणाल्या. "लोकर टेकली म्हंजी झालं."