तिन्नैच्या जागी एक खोली

माझ्या आईला, कनकाबाईला, सगळे हट्टी म्हणायचे. मला ते पटत नाही. हट्टी माणूस आवाज चढवतो, भांडी आपटतो. आईनं जन्मात आवाज चढवला नाही. ती फक्त जागची हलायची नाही, आणि मग बाकीच्यांना हलावं लागायचं.

तंजावर सोडून आम्ही मद्रासला आलो ते जॉर्ज टाउनातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. वडील, सुंदरराव, रेल्वेत कारकून. धाकटे काका सेतुमाधव सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. त्यांचं लग्न ठरत आलं होतं. आजोबा, गुरुमूर्तीराव, कोर्टाच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. घरात ते बोलत नसत, निकाल देत. आम्ही भावंडं तिघं. आणि तुळजाकाकी.

तुळजाकाकी माझ्या थोरल्या काकांची बायको. काका ऐन तरुणपणी गेले. तेव्हापासून ती सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून निजायची आणि मधल्या वेळात कुणाला फारशी दिसायची नाही. कुणी कामाला, परीक्षेला निघालं की ती दाराआड व्हायची. निघताना विधवेचं तोंड पाहू नये, ही आमच्यातली रीत. बोलून कुणी दाखवायचं नाही, पाळायचे मात्र सगळे. आम्ही मुलंसुद्धा.

सत्तावन्न साली विल्लिवाक्कमला, आवडी गावाकडे जाणाऱ्या रुळांजवळ, अर्धा ग्राउंड जागा घेतली. मद्रासेत जमीन ग्राउंडावर मोजतात. ‘अर्धा ग्राउंड म्हणजे तंजावरचा आमचा गोठा,’ असं आजोबा येईल त्याला ऐकवायचे. तेवढ्यात तीन पिढ्या बसवायच्या होत्या. सेतुमाधवकाकांनी नकाशा काढला, आणि खोटं कशाला बोलू, सुरेख काढला. पुढे आजोबांची तिन्नै, म्हणजे सावलीतला ओटा, जिथं बसून येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घेता येते. मग हॉल, त्यात आजोबा आणि मुलं. वडिलांना एक खोली, काकांना एक. देव पूर्वेला, चूल आग्नेयेला, मागं विहीर. लोणच्याच्या बरण्यांना ऊन लागणार नाही अशी फळीसुद्धा काकांनी दाखवली होती.

आईनं नकाशा नीट पाहिला. “भावजी, कागदावर कुणाला पाय लांब करायचे नसतात,” ती म्हणाली. “एकदा जमिनीवर पाहूं.”

पुढच्या रविवारी तिनं चिंचेचा भात आणि दहीभात डब्यांत भरला, पिशवीभर रांगोळी घेतली आणि सगळ्यांना गाडीत घालून प्लॉटवर नेलं. काटेरी झुडपं काढून घेतली होती. काका टेप धरून मापं सांगायचे, आई वाकून रेघ ओढायची. रोज दारात कोलम घालणारा हात, रेघ कशाला चुकतेय! ऊन चढायच्या आत अख्खं घर जमिनीवर उतरलं. दारं, खिडक्या, चूल, सगळं पांढऱ्या रेघांचं. आम्ही मुलांनी भिंतींवरून उड्या मारल्या म्हणून आजोबांची बोलणीही खाल्ली. “दारानं जा, गाढवांनो!”

जेवणं झाली आणि आई म्हणाली, “आता रात्र झाली असं समजा. आपापल्या जागी जाऊन निजा.”

वडील हसत हसत खोलीत गेले. काका आपल्या खोलीत. आजोबा हॉलमध्ये पंचा पसरून खरोखरच आडवे झाले, आम्ही त्यांच्या शेजारी. तुळजाकाकी उष्टी भांडी घेऊन सगळ्या रेघांच्या बाहेर, विहिरीच्या जागेपाशी उभी होती.

“अक्का, तुमची जागा कुठं?” आईनं विचारलं.

“माझं काय गे,” काकी म्हणाली. “आवरलं की स्वयंपाकघरात पडेन.”

 आई स्वयंपाकघराच्या रेघांत गेली आणि सरळ जमिनीवर आडवी झाली. डोकं चुलीत, पाय भिंतीबाहेर. तशीच पडून तिनं काकांना हाक मारली, “भावजी, पाहा हो, मी मावतेय का?”

कुणी हसलं नाही. बरण्यांना फळी होती, काकीला जागा नव्हती. इतकी वर्षं ती आमच्यात राहिली आणि आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मला आजही त्याची चीड येते.

आई उठली, पाठीची माती झटकली. मागं विहीर, कडेला न्हाणी, दोन्ही बाजूंना नियमानं मोकळी सोडायची जागा. सरकण्यासारखं काही नव्हतं, एक तिन्नै सोडली तर. तिनं पायानं तिन्नै पुसली आणि तिथं चौकोन काढला. रस्त्याकडे खिडकी ठेवली.

आजोबा उठून बसले. “कनके, तिथं? भल्या सकाळी माणसं कामाला निघायची, आणि अगदी दारात...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरजच नव्हती. काकीनं पदर पुढं ओढून घेतला. “ही खोली झाली तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही,” आजोबांनी निकाल दिला.

“सरी मामंजी, बरं,” आई म्हणाली आणि डबे आवरायला लागली.

भूमिपूजेचा मुहूर्त वैशाखातला होता. आदल्या दिवशी आईनं शांतपणे सांगितलं, “मी पूजेला बसणार नाही.” पूजा जोडीनं करायची, बायकोवाचून वडिलांना पाटावर कोण बसवतो? भटजींना निरोप गेला. जेठातला मुहूर्तही असाच गेला. मग तमिळांचा आडी महिना लागला, त्यात घराचं काम कुणीच काढत नाही. रुसवाफुगवा म्हणाल तर नावाला नाही. आजोबांची कॉफी वेळेवर, डिकॉक्शन दाट, वर फेस. भांडायलाही तिनं जागा ठेवली नव्हती. वडील दोघांच्या मधे सुपारीसारखे कातरले जात होते.

शेवटी तुळजाकाकीच आईसमोर येऊन उभी राहिली. “माझ्यापायीं घर अडलंय. लोक काय म्हणतील? नको गे मला खोली.”

“अक्का, तुमच्या एकटीसाठी नाही मागत,” आई म्हणाली. “उद्या हे माझ्याआधी गेले, तर मी कुठं निजूं? चुलीत डोकं घालून?”

“अय्यो, जीभ आवर!” काकी कळवळली. पलीकडे आजोबा पेपर वाचत होते. त्यांचा पेपर बराच वेळ उलटला नाही.

आडी सरून आवणी लागल्यावर एका सकाळी कॉफी घेता घेता ते म्हणाले, “तिन्नै निम्मी तरी ठेव. बसायला.” आईनं लगेच कबूल केलं. अडायचं कुठं आणि सोडायचं कुठं, हे तिला नेमकं कळायचं.

अशी खोली झाली. लहानशी, पण तिला दार होतं आणि आतून कडी होती. खिडकीखाली आजोबांची निम्मी तिन्नै. काकीनं मात्र रोज सकाळी घरातले पुरुष बाहेर पडेपर्यंत ती खिडकी घट्ट लावून ठेवली. मी एकदा आईला म्हटलं, तू सांग ना तिला. “खिडकी मी करून दिली,” आई म्हणाली. “उघडायची त्यांनी.” तशी पाच-सहा वर्षं गेली.

मग आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एळुंबूरच्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली. निघायच्या सकाळी सगळे दारात. आईच्या हातात पिशवी, काका गाडीची वेळ सांगून सांगून दमलेले. आजोबा पायरी उतरले, थांबले आणि काठीनं त्या बंद खिडकीवर टकटक केली.

“तुळजे, उघड.”

“तुम्ही निघा मामंजी,” आतून आवाज आला. “मग उघडते.”

“निघायचंय म्हणूनच उभा आहें. पट्टी सुटल्यावर काय दिसेल, काय नाही, कुणास ठाऊक. तुला पाहून जातों.”

 काकांनी गाडीचं नाव काढलं, तसा आईनं त्यांचा हात दाबला. मग कडी वाजली आणि खिडकी उघडली. काकी मान खाली घालून उभी होती. आजोबांनी गजांना नाक लावलं, डोळे बारीक केले आणि तिच्याकडे पाहत राहिले. सून म्हणून घरात आल्यापासून त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नसेल.

“केस पिकले की गे तुझे,” ते म्हणाले.

काकीनं मान वर केली. “तुमचेही, मामंजी.”