फोटोतले गाल

सकाळी ती पांढरी कडू गोळी जिभेवर ठेवली की मला पालघरजवळच्या माहीमची आमची पानवेलींची वाडी आणि थोरली बहीण आठवते. एकोणीसशे साठच्या दशकात तिच्या बोटांचे सांधे सुजून आखडले आणि पानं खुडणं बंद पडलं, तेव्हा पालघरच्या डॉक्टरांनी तिला हीच गोळी दिली होती. ते म्हणाले, "शरीराचे पहारेकरी तिच्याच सांध्यांवर तुटून पडलेत. गोळी त्यांना झोपवते, पण मग बाहेरच्या रोगालाही वाट मोकळी होते. चेहराही सुजेल. म्हणून गोळी हळूहळू कमी करायची, एकदम तोडायची नाही." बोटं सुटली, ती पुन्हा पानं खुडू लागली आणि चेहरा टम्म गोल झाला. आई हरखली. "पोरीनं अंग धरलं बघा!" म्हणत तिने लगोलग फोटो काढवून एका स्थळाकडे धाडला. त्यांना मुलगी पसंत पडली. पण ती मंडळी प्रत्यक्ष बघायला आली तोवर गोळी पाववर आली होती आणि गाल बसले होते. मुलाची आई कप खाली ठेवत म्हणाली, "फोटोतली पोर कुठं हाय?" बहीण म्हणाली, "ती गोळ्यांची होती, मावशी. मी ही अशी हाय." मंडळी उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना हळूच विचारलं, "डॉक्टर गोळी परत वाढवून देतील काय?" बाबा वाडीत निघून गेले. आता आरशात माझा चेहरा गोल दिसतो, शेजारी तब्येत सुधारली म्हणतात. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात तिने दोन्ही हातांची बोटं मांडीवर सरळ पसरून ठेवली आहेत. आम्ही सगळे गालच बघत राहिलो.