कण्हेर काढलेला बोर्ड

फोन आला तेव्हा माझ्या हातात ब्रश होता. दादा सिविल लाइंसला एक स्केटबोर्ड पोचवायला निघाला होता. ऑटोतच त्याच्या छातीत दुखलं आणि दवाखाना येईपर्यंत माझा भाऊ गेला होता. समोरच्या फळीवरचा पिवळा रंग तेव्हा ओला होता… आता महिना होऊन गेला.

दादाने सारी नोकरी कारखान्यात लाकडी पेट्या बनवण्यात काढली. निवृत्तीनंतर तो घरीच सुतारकाम करी. एकदा आमच्या नेपियर टाउनला क्लासला येणाऱ्या एका मुलीने मोडका स्केटबोर्ड दुरुस्तीला आणला. त्याने तो उकलून पाहिला, आत लाकडाचे पातळ पदर एकावर एक चिकटवलेले. मग त्याला तोच नाद लागला. पदर चिकटवून शिकंज्यात आवळायचे, सुकले की आकार कापायचा, चाकं लावायची. घासायचं आणि रंगवायचं काम माझं. बोर्डावर घालायची इंग्रजी नावं दादा पेन्सिलीने काढून देई, मी रंग भरी. फुलं मात्र माझ्या मनाची. शेजारच्या काकू म्हणत, आता हे बहीण-भाऊ जेवायच्या पाटांनाही चाकं लावतील.

चित्र असतं खालच्या बाजूला. बोर्ड चालला की ते खरडून जातं. मला वाईट वाटे, दादाला उलट आनंद. कोणी खरडलेला बोर्ड चाकं बदलायला आणला की मला हाक मारून दाखवी, "पाह, तुझी फुलं कुठं कुठं फिरून आली."

पहिल्या बोर्डावर मी कण्हेर काढली होती. तो त्याने विकला नाही, माझ्यासाठी ठेवला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अंगणात मांडून म्हणे, "शालू, चलो, एक पाय तर ठेव. काहून घाबरून राहिली? मी हात धरतो ना."

"लोक हसतील, दादा."

"माझ्यावर तर हसूनच राहिले."

मी काहीतरी काम काढून आत जाई. तो बोर्ड पुन्हा खिळ्याला अडकवी. असं किती वेळा झालं… मला वाटे, घाई काय आहे. एवढीशी गोष्ट लाजेपायी राहून गेली.

काल तो बोर्ड खाली काढला. कण्हेर अजून तशीच, एक ओरखडा नाही. अंगणात ठेवला, एक हात भिंतीला टेकला आणि पाय ठेवला. बोर्ड जरा सरकला. माझा दुसरा हात आपोआप बाजूला गेला, दादा उभा राहायचा त्या बाजूला.