काठ सुटल्यानंतरची उडी

समजा, तुम्हाला एक खड्डा शिकवायचा आहे. मे महिना आहे, दुपारचा दीड वाजला आहे आणि तुम्ही वीज जाण्याची वाट बघत बसला आहात. वीज असली की शेजारची पिठाची गिरणी चालू असते, आणि तिच्या घरघरीत तुमचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. वीज गेली की गिरणी थांबते, पण पंखाही थांबतो. लॅपटॉप जुना, बॅटरी जेमतेम तासभर टिकते. तेवढ्या वेळात, समोर न दिसणाऱ्या माणसांना तुम्हाला सांगायचं आहे, की पडद्यावरचा नारिंगी चौकोन उडी मारून एक खड्डा ओलांडणार आहे, तर तो खड्डा किती रुंद असावा. फार अरुंद केला तर खेळणारा कंटाळतो. फार रुंद केला तर मोबाईल बाजूला ठेवतो. दोनदा पडावं आणि तिसऱ्यांदा जमावं, इतपतच. आता हे सोप्या मराठीत सांगा, आणि मध्ये घाम पुसायला थांबू नका.

बोरीची संघप्रिया खंदारे तीन वर्षं हेच करते आहे.

ती याच गावात वाढली, तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला, पुण्याला मोबाईल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत पाच वर्षं गेमचे टप्पे आखले. कंपनीने तिचा विभाग बंद केला तेव्हा ती दोन महिन्यांसाठी म्हणून घरी आली आणि इथेच राहिली. आठवडाभर सेवा केंद्रात बसून ती लोकांचे पीक विम्याचे आणि दाखल्यांचे फॉर्म भरते. रविवारी यूट्यूबवर गेम कसा रचायचा ते शिकवते, मराठीत आणि फुकट. पुण्यात याच शिक्षणाची फी तिने पाहिली होती. तिच्या वडिलांनी, लिंबाजींनी, कालव्याच्या कामावर वर्षभर मजुरी करून जेवढं कमावलं असतं, त्याहून ती जास्त होती.

धडे फुकट ठेवायचे तर खर्च कुठून काढायचा? ज्यांना जमेल त्यांनी महिन्याला एकोणसाठ रुपयांची मेंबरशिप घ्यावी, न घेणाऱ्यांनाही सगळं तेच दिसेल, असं तिने ठरवलं. पण देणाऱ्यांचे आभार कसे मानायचे ते तिला सुचत नव्हतं. ते लिंबाजींनी सुचवलं. भीमजयंतीची वर्गणी जमली की विहारापुढे माइकवर नावं वाचायचं काम वीस वर्षं त्यांच्याकडेच आहे. पूर्वी नावापुढे रक्कमही वाचली जायची. दहा रुपये देणारी माणसं आपलं नाव यायच्या आत चपला शोधायला उठतात, हे लिंबाजींच्या लक्षात आलं, आणि त्यांनी रक्कम वाचणं सोडून दिलं.

"नाव वाचायचं, पैसा न्हाई," ते तिला म्हणाले. "आन् एकदा लागलेलं नाव काढायचं न्हाई. मानूस आपलाच ऱ्हातो."

तेव्हापासून ती प्रत्येक धड्याच्या शेवटी गावासकट नावं वाचते. कुणी मेंबरशिप सोडली तरी नाव काढत नाही. त्यामुळे यादी लांबतच गेली, मदत मात्र गेल्या वर्षभरात आटत गेली. शंभराच्या आसपास असलेले मेंबर साठाच्या खाली आले.

पुण्याचा जुना सहकारी सारंग फोनवर तिला सारखं सांगायचा, "अगं, कुलूप लाव. पैसे भरतील त्यांनाच धडे दिसू देत. समाजसेवा काय पेन्शन मिळाल्यावर कर."

सहा महिने तिने ऐकलं नाही. मग एकदा केंद्रात दिवसभरात नव्वद फॉर्म भरून आल्यावर, जेवणाआधी, तिने एका कागदावर दोन ओळी लिहिल्या. 'पुढच्या रविवारपासून नवे धडे फक्त मेंबरांसाठी. माफ करा.' कागद लॅपटॉपच्या कडेला चिकटवला. येत्या रविवारच्या धड्याच्या शेवटी तो वाचायचा होता.

आणि त्याच रविवारी, वीज जायच्या आधी, दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"संघे, कुनी तरी आलंय बघ," तिची आई सरजाबाई आत वळून म्हणाल्या. "गंगाखेडचं म्हनायलंय."

"नमस्कार मॅडम. मी उद्धव. तुमी वाचता की, 'गंगाखेडचे उद्धवराव'. ते मीच."

"अरे! जय भीम, या की. बसा."

सरजाबाईंनी तांब्या पुढे केला. "एवढ्या उनात बसनं आलाव का भाऊ? काय काम काढलं?"

"नाव कमी करायला आलोय, मावशी."

"रेशन कार्डावरचं? ते तिकडं केंद्रात व्हतंय. आन् आज बंद हाय."

"न्हाई हो. मॅडमच्या यादीतलं."

पाणी पिऊन झाल्यावर त्याने खुलासा केला. तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कारकून. मार्चमध्ये गाळप संपलं आणि तो घरी बसला. मेंबरशिप तेव्हाच बंद केली.

"मला वाटलं, नाव आपोआप जाईल. पर जातच न्हाई! दर रविवारी हायेच, 'गंगाखेडचे उद्धवराव'. माझी योगिनी सातवीला हाय, ती बाजूला बसून बघती. 'बाबा, तुमचं नाव आलं' म्हनून घरभर नाचती. परवा मला म्हनली, 'दर महिन्याला देता ना?' मी हो म्हनलो. पोरीशी खोटं बोललो, मॅडम. शरम वाटायलीय."

"खाली कमेंटमध्ये लिहायचं होतं, दादा. एवढ्या लांब कशाला आलात?"

"तिथं लिवलं तर योगिनी वाचंल की!"

ज्या गोष्टीला संघप्रिया मान समजत होती, ती गोष्ट हा माणूस दोन बस बदलून परत करायला आला होता. "आमी कुणाचं नाव काढत नाही हो," ती कशीबशी म्हणाली.

"म्हनून तर बेजार होऊन आलोय ना."

मग अवघडलेपण घालवायला तिने विचारलं, धडे तरी बघता का. उद्धवचा चेहरा एकदम बदलला. बघतो की! योगिनीने मोबाईलवर उसाची ट्रॉली केली आहे, खड्डे उडवत काट्यापर्यंत न्यायची. "खड्ड्याचं माप कुठनं घेतलं म्हनलं, तर म्हनती परभणी रोडवरनं."

"मंग ती ट्रॉली पोचायची न्हाई," सरजाबाई म्हणाल्या.

"न्हाईच पोचत, मावशी! चौदाव्या धड्यात मॅडमनं सांगितलं तसंच केलंय. पर शेवटचा खड्डा उडतच न्हाई. पोरगी म्हनती, मलाच जमत न्हाई. मी म्हनतो, सोड नाद."

त्याने मोबाईल पुढे केला. काचेला आडवी चीर. संघप्रियाने खेळून पाहिलं. बरोब्बर काठावर बोट दाबलं आणि ट्रॉली खड्ड्यात गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. चौथ्या वेळी तिला कळलं. जुन्या मोबाईलला बोट उशिरा समजतं. त्याला समजेपर्यंत चाक काठावरून सुटलेलं असतं, आणि हवेत उडी लागत नाही. यावर उपाय आहे. काठ सुटल्यावरही पापणी लवण्याइतका वेळ उडी चालू द्यायची. खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही, त्याला वाटतं आपण वेळेवर दाबलं. पुण्याला ही गोष्ट तिला पहिल्याच महिन्यात शिकवली होती. तिने मात्र कधीच शिकवली नाही, कारण तिच्या लॅपटॉपवर तशी गरजच पडत नव्हती. तिला ऐकणाऱ्या बहुतेकांकडे असेच मोबाईल असणार.

पंखा मंदावला. शेजारची गिरणी घरघरत थांबली.

"दादा, एक तास गप बसायचं. जमंल?"

उद्धवने मान हलवली आणि बाजेवर तोंडाशी रुमाल धरून बसून राहिला. संघप्रियाने त्या दिवशीचा ठरलेला धडा बाजूला ठेवला. चौदावा धडा उघडला आणि काठ सुटल्यानंतरची उडी शिकवली. मग तोच बदल उद्धवच्या मोबाईलमधल्या गेममध्ये केला. मुद्दाम उशिरा बोट दाबूनही ट्रॉली पलीकडे गेली तेव्हा उद्धवच्या तोंडून "आरं!" निघून गेलं. ते रेकॉर्डही झालं. तिने ते तसंच राहू दिलं.

शेवट आला. कडेचा कागद तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने तो मनात एकदा वाचला, काढला आणि पालथा ठेवला.

"चौदाव्या धड्यात माझी चूक होती," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "ती गंगाखेडच्या उद्धवरावांनी आणि योगिनीने मला दाखवली. ज्यांची गाडी त्या खड्ड्यात पडली, त्यांची काही चूक नव्हती." मग तिने यादी वाचली. त्यात उद्धवचं नाव नव्हतं. बॅटरीने लाल खूण दाखवली तेव्हा नऊ नावं शिल्लक होती, ती तिने भरभर वाचून टाकली.

"मंग कुलूप न्हाई लावलं?" सरजाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"आन् नवी बॅटरी कशानं घेनार?"

"जूनमध्ये विम्याचे फॉर्म येतील, आई. तवा बघू." मग ती उद्धवला बसस्टँडवर सोडायला गेली.

झाडाखाली सावली तोकडी होती. उद्धव मोकळा दिसत होता. "आता योगिनीला खरं सांगतो," तो म्हणाला. "नाव काहून आलं ते सांगायला तोंड हाय मला."

"दादा, एक विचारू? कंपनीत आमाला दिसायचं, कोण कोणत्या खड्ड्यात पडून गेम सोडून गेलं. मग आमी तो खड्डा दुरुस्त करायचो. इथं मला फक्त कोण गेलं ते दिसतंय. काहून गेलं ते दिसत न्हाई. तुमी सांगायला आलात. बाकीचे चाळीस-पंचेचाळीस जण?"

"तेबी लाजत असतील, मॅडम."

"सगळेच?"

परभणीची बस आली. उद्धव चढला, खिडकीतून हात केला. धूळ बसेपर्यंत संघप्रिया तिथेच उभी राहिली.

त्या सगळ्यांना लिहायचं म्हणून तिने एक निरोप तयार करून ठेवला आहे. एकाच ओळीचा आहे. विचारलं तर पैसे मागितल्यासारखं वाटेल, या भीतीने तो अजून पाठवलेला नाही. हे सगळं लिहून घ्यायला मी बोरीला गेलो तेव्हा तिने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, तुम्हाला काय वाटतं. त्यात लिहिलं होतं: 'तुमच्याकडचे पैसे संपले म्हणून गेलात, की मी शिकवलेला कुठला तरी खड्डा तुमच्याकडून उडाला नाही म्हणून?'