बाबांची शेवटची खूण

बाबा गेल्यावर तीन महिने मी देवापुढे दिवा लावला नाही. आई लावायची, मी तोंड फिरवून राहनाळच्या गोदामात ड्युटीला निघून जायचे. देवाशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. अर्धांगवायूच्या झटक्याने बाबांची वाचा गेली, एक हात तेवढा चालत होता. इस्पितळातले शेवटचे दोन दिवस ते माझ्याकडे बघून एकच खूण करत राहिले. बोटं जुळवून तोंडाशी, मग तळवा दाराकडे, मग तोच हात छातीवर. मला वाटलं, घरचं जेवण मागताहेत, मला घरी ने म्हणताहेत. डॉक्टर हलवू देईनात. मी उपाशीतापाशी उशाशी बसून ‘उद्या नेते हं’ असं खोटंच सांगत राहिले, आणि ते गेले. बापाची शेवटची इच्छा मी मोडली आणि देवाने ती मोडू दिली, हे काही केल्या मनातून जाईना.

बाबांनी उभा जन्म नारपोलीत कापडाच्या कारखान्यात लूम चालवले. बारा तासांची शिफ्ट, वर ओव्हरटाइम. आम्हाला कारखान्याच्या दारातही उभं करत नसत. ‘कान जातील’ म्हणायचे. त्यांचे स्वतःचे कधीच गेले होते. शुक्रवारी कारखाना बंद, म्हणून महिन्यातून एका शुक्रवारी एसटीने गणेशपुरीला जायचं, तिथल्या स्वामींच्या समाधीपुढे नारळ ठेवायचा. तिथे ते हळूच पुटपुटायचे आणि अख्खी रांग ऐकायची. माझ्या दहावीच्या गणिताची काळजी अशी साऱ्या गणेशपुरीला ठाऊक झाली होती. तेव्हा मी लाजेने मरायचे. आता त्या आवाजासाठी जीव तुटतो.

आईने गळ घातली म्हणून एका शुक्रवारी बाबांचा नारळ घेऊन मी एकटी गेले. नारळ ठेवला, हात मात्र जोडले नाहीत. बाहेर पायरीवर येऊन बसले. शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं, मध्ये पिशव्यांचा ढीग. प्रसादाच्या जेवणाची पंगत बसत होती, पण आजी पिशव्या सोडून उठेनात. तेव्हा आजोबांनी बोटं जुळवून तोंडाशी नेली, तळवा पंगतीकडे केला आणि हात छातीवर ठेवला. आजी मुकाट्याने जेवायला गेल्या.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. “आजोबा, ही कसली खूण?” दोनदा ओरडून विचारावं लागलं.

“ही? लूमवरची हाय बाय!” ते खच्चून बोलले. “त्या आवाजात बोललेलं ऐकूच येत न्हाय. बाजूवाला भुकेला दिसला का असं सांगाचं. तू जा, जेवून ये, तुजे लूम मी बगतो. आता म्हातारीलाबी सवय झाली.”

मी तिथेच हमसून रडले. बाबा काही मागत नव्हतेच. समोर दोन दिवस उपाशी बसलेली पोर त्यांना बघवत नव्हती. जा, जेवून ये, मी आहे इथे, एवढंच ते सांगत होते. जन्मभर आमच्यासाठी त्यांनी तेच केलं होतं, आणि वाचा गेली तरी तेच करत राहिले.

आजोबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तीच खूण मला केली. मी माझी पिशवी त्यांच्यापाशी ठेवली आणि पंगतीत जाऊन बसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले, वरण तर दुसऱ्यांदा मागून घेतलं. परत येऊन समाधीपुढे हात जोडले.

ते जोडपं नेमकं माझ्याच शेजारी का बसलं, ते मी खोदत बसत नाही. बसलं, हे माझ्यावर उपकार झाले. आता घरी दिवा मी लावते. फार काही मागत नाही. हातून होईल तेवढं करते, उरलेलं देवापाशी ठेवते आणि वेळेवर जेवायला बसते.