अनोळखी बाईच्या मांडीवर

अठ्ठ्याऐंशी साली, लग्नानंतर महिन्याभरात, मी चोपड्याहून निघाले ती थेट इंग्लंडला. म्हणजे आधी जळगावची एसटी, मग पुढचं सगळं. खिडकीबाहेर आई उभी होती. "तिथे मिळून मिसळून राहा," एवढंच तिने तीनदा सांगितलं. गाडी हलली आणि मला रडू फुटलं. तेवढ्यात गर्दीत उभ्या असलेल्या एका बाईने आपली वर्षाची पोर सरळ माझ्या मांडीवर ठेवली. "रडजो मंग," ती म्हणाली, "पहिले इले धर." तापीचा पूल येईपर्यंत पोरीने माझ्या नव्या साडीला लाळ आणि केळं दोन्ही पुसलं, आणि माझं रडायचं राहूनच गेलं.

लीड्समध्ये माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही. शेजारीपाजारी हसून हवेबद्दल दोन वाक्यं बोलायचे आणि दार लावून घ्यायचे. मिसळायचं कुणात, तेच कळेना. आईला मात्र पत्रात 'सगळे छान आहेत' असं लिहायची.

माझी मुलगी मुग्धा आठ महिन्यांची असताना एकदा भरल्या बसमध्ये उभी होते. एका हातात ती, दुसऱ्यात घडी केलेली बाबागाडी आणि बटाट्यांची पिशवी. बसने गचका दिला. समोर करड्या कोटातली एक म्हातारी बाई बसली होती. मी काही विचार न करता मुग्धाला तिच्या मांडीवर ठेवलं.

बाईने दोन्ही हात वर केले, दरोडेखोर समोर आल्यासारखे. मग ती "सॉरी, सॉरी" म्हणाली, मुग्धाला माझ्याकडे दिलं आणि उठून मला स्वतःची जागा दिली. चूक माझी आणि सॉरी तिचं. घरी येऊन मी खूप रडले. आपल्याला इथलं काही जमायचं नाही, असं वाटलं.

जमलं हो. किती जमलं ते माहेरी आल्यावर कळलं. जळगाव-चोपडा एसटी, शेजारी सात वर्षांची मुग्धा. एक तरुण बाई चढली आणि तिने आपलं तान्हं माझ्या मांडीवर ठेवलं. माझे दोन्ही हात वर गेले. "सॉरी" म्हणत मी तिला जागा द्यायला उठूही लागले. तिने खांदा दाबून मला खाली बसवलं. "बठ वं अक्का. मी काही पडी नही ऱ्हायनी. धर तेले, चावत नही तो."

पोर धरली नाही म्हणून इतकी वर्षं मी त्या कोटवालीला मनात नावं ठेवत होते. आमच्याकडे जागेवरून कोणी उठत नाही, मांडी देतात. तिने तिच्याजवळ देण्यासारखं होतं ते दिलं होतं. पण मला मनातून भीतीच वाटली. मी इथलीही उरले नाही की काय?

"मम्मी, डू यू नो हर?" मुग्धाने हळूच विचारलं.

"नाही."

"देन व्हाय डिड शी गिव्ह यू द बेबी?"

मी बाळ उचललं आणि मुग्धाच्या मांडीवर ठेवलं. तिचेही हात हवेत गेले. मग गाडीने गचका दिला, आणि ते हात खाली येऊन बाळाभोवती बसले.

तुमच्यापैकी जे गावाकडेच राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, ते सगळे विचारतात, आता घर कुठलं? मला नक्की सांगता येत नाही. एवढं खरं की त्या दिवशी चोपडा स्टँडवर आई वाट बघत होती, बाळाच्या आईने हात पुढे केले, आणि माझी इंग्रजाळलेली पोर मराठीत म्हणाली, "थांबा ना, झोपलंय."